वेताळ विकवला कसा?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण पुस्तकांच्या कपाटातल्या रिकाम्या खालच्या कप्प्याकडे पाहतो आणि विचारतो, ‘इंद्रजालचे अंक कुठे गेले? विकलेत? अहो, विकवले तरी कसे?’ शेवटच्या वाक्याचा सूर बायकोचे मंगळसूत्र विकून आलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो. इंद्रजाल म्हणजे माझ्या लहानपणी निघणारे चित्रकथांचे अंक, आणि वेताळ हा त्यांतला मुखवटाधारी नायक. आजवर मी ‘घरात जागा नव्हती’ असे सांगून सुटका करून घेतली. जागा होती. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदाचे नीट लिहून टाकतो.

मी मालिकांची मराठी सबटायटले लिहितो आणि त्याचे पैसे मिनिटांच्या हिशेबाने मिळतात. मला काम देणाऱ्या दोन मध्यस्थ संस्था होत्या. त्यांतल्या एकीने दुसरीला विकत घेतले आणि नव्या दरपत्रकात माझे मिनिट पाव हिश्श्याने स्वस्त झाले. त्या एवढ्या लहान आहेत की त्यांची बातमीही कुठे छापून आली नाही. पूर्वी एकीचा दर पटला नाही तर दुसरीकडे वळता येत असे, आता वळायला दुसरे दार उरले नव्हते. त्याच सुमारास, २०२५ च्या मे महिन्यात, डोंबिवलीतली आमची भाड्याची इमारत पुनर्विकासाला गेली. मालकाला बिल्डरकडून पर्यायी भाडे मिळणार होते. भाडेकरूने मात्र खोके बांधायचे. नव्या घराचे डिपॉझिट एक लाख, हातात साठ हजार. तुटीचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

अंक घ्यायला आलेले गृहस्थ माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान असावेत. त्यांनी आधी हात धुतले, कोरडे केले, मग जमिनीवर स्वच्छ चादर अंथरायला सांगितली. प्रत्येक अंकाच्या पिना गंजल्या आहेत का, मधली पाने सुटली आहेत का, जाहिरातीतले कूपन कुणी कापले आहे का, हे ते न बोलता पाहत होते आणि अंकांच्या दोन चवडी लावत होते. डावीकडची वाढत गेली तसा मी सुखावलो. उजवीकडे एक अंक ठेवताना मात्र ते थांबले, मुखपृष्ठ तिरपे धरून म्हणाले, ‘सर, ही कुठली लिपी आहे?’

ती देवनागरीच होती, पण उलटी. १९८४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही चाळीतल्या तिघांनी मिळून वाचनालय काढले होते. एका दिवसाला दहा पैसे, उशीर झाला तर पाच पैसे दंड. शिक्का हवाच म्हणून अर्धा बटाटा घेऊन त्यावर ‘श्री’ कोरला, पण ठसा उलटा उमटतो हे ध्यानात आले नाही. निळ्या शाईत बुडवून आम्ही तो शेहेचाळीस अंकांवर मारला, मग बटाटा सुरकुतला आणि वाचनालयही मिटले. हे सारे मी त्यांना सांगितले. ते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘शिक्क्याचे शंभरने घेतो, बाकीचे अडीचशेने.’

बिनशिक्क्याचे एकशे चाळीस होते. दोन्ही मिळून हिशेब एकोणचाळीस हजार सहाशे झाला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले असावे, कारण पैसे पाठवण्याआधी ते म्हणाले, ‘चला सर, चाळीस करू.’ माझी तूट बरोबर तेवढीच होती आणि ती त्यांना ठाऊक नव्हती. एकोणचाळीस हजार सहाशेंचा मला काही विषाद नाही, पण वरचे चारशे अजून टोचतात.

‘त्यापेक्षा ओटीटी बंद करायचे होते,’ असे आमचे मेहुणे म्हणतात. अठरा टक्के जीएसटी धरूनही आमच्या तिन्ही वर्गण्या वर्षाला पाच हजारांच्या आत बसतात; त्यांतून डिपॉझिट उभे राहिले नसते, आणि शिवाय ते माझ्या धंद्याचे हत्यार आहे. हा झाला बचाव. खरे एवढेच की मेहुण्यांकडे हात पसरायचा नव्हता, आणि त्याच संध्याकाळी, कप्पा रिकामा झाल्यावर, मी कामासाठी नव्हे तर निव्वळ डोके बधिर करण्यासाठी अतिमानवांच्या एका मालिकेचे लागोपाठ तीन भाग पाहिले.

अधिक अडचणीचा आहे तो २०१९ मधला मी. नेटफ्लिक्सने १९९ रुपयांची मोबाइल योजना आणली तेव्हा हा माणूस मित्रांना ऐकवत असे की वस्तू साठवण्याचे युग संपले, कागदाला कसर लागते, पडद्यावरचे कुठे जात नाही. त्याला आज मी विचारतो की ३१ मार्च २०२३ ला एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका हॉटस्टारवरून उतरल्या, मग जिओसिनेमावर चढल्या, पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोहोंच्या मालक कंपन्यांचे सत्तर हजार कोटींहून मोठे विलीनीकरण झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला हॉटस्टार आणि जिओसिनेमा मिळून जिओहॉटस्टार झाले. यात ‘कुठे जात नाही’ ते नेमके काय होते? तो निमूट ऐकून घेत नाही. म्हणतो, टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेले इंद्रजाल १९९० मध्ये बंद केले, तेव्हा तरी तुला कुणी विचारले होते? मासिके बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात, यात नवे काय? मी म्हणतो, पण अंक माझ्याकडे राहिले होते. यावर तो फक्त रिकाम्या कप्प्याकडे पाहतो. कसरीचेही त्याचे खोटे नव्हते. सात अंक तिने चाळणी केले होते आणि ते मी चादरीवर मांडलेसुद्धा नव्हते. ते आहेत अजून, माळ्यावर.

मागच्या आठवड्यात त्या गृहस्थांचा निरोप आला. त्यांना शिक्क्यांशिवायच्या प्रती दुसरीकडे मिळाल्या आहेत. उलट्या ‘श्री’चे शेहेचाळीस अंक मला हवे असतील तर घेतल्या भावाने, चार हजार सहाशेला, परत देतील. तिन्ही वर्गण्यांचे नूतनीकरण याच महिन्यात आहे आणि रक्कम साधारण तेवढीच होते. मी त्यांना अजून काही कळवलेले नाही.