आमची वाटचाल : बंडीच्या चाकापासून शिकारगाडीपर्यंत

आमचं घराणं वाढयाचं, म्हणजे सुताराचं. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात आबाजींच्या काळी दारापुढे सदा बैलगाड्यांची चाकं पडलेली असत, मालाच्या बंडीची, रेंगीची, छकड्याची. लाकूड डेपो जवळ, मेळघाटचा साग हाताशी, त्यामुळे मालाची ददात नव्हती. मग टायरची लोखंडी बंडी आली, पाठोपाठ ट्रॅक्टर आला, आणि लाकडी चाक मागणारा शेतकरीच उरला नाही. बाबांनी चौकटी, पलंग आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल यांवर घर चालवलं. पण आबाजींची हत्यारं त्यांनी विकली नाहीत. जुन्या घोडागाड्या दुरुस्त करायचा आणि नव्या बग्ग्या घडवायचा आजचा आमचा धंदा त्याच हत्यारांवर उभा आहे.

वळण आलं ते एका देशमुखांच्या वाड्यातून. गोठ्याच्या कोपऱ्यात एक दोनचाकी गाडी पडून होती. घरचे तिला टांगा म्हणत. पाठीला पाठ लावून बसायची सोय टांग्यासारखीच, पण बैठकीखाली लांब पेटी आणि पेटीच्या बाजूंना खिडकीच्या झडपेसारख्या तिरप्या पट्ट्या. ती डॉगकार्ट होती. शिकारी कुत्री त्या पेटीत बसवून न्यायची, पट्ट्यांमधून त्यांना हवा मिळायची. मागची फळी साखळीवर आडवी उघडते आणि मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला होते. बैठक पुढे-मागे सरकते, कारण दोनचाकी गाडीत माणूस चढला-उतरला की तोल बदलतो आणि तो भार घोड्याच्या पाठीवर येतो. इतका विचार करून बनवलेली गाडी आम्ही तोवर उघडून पाहिली नव्हती.

तिची मोठी बहीण म्हणजे चारचाकी शूटिंग ब्रेक. समोरासमोर लांब बाकं, मागून चढायचं, बंदुका आणि शिकार ठेवायला जागा. ब्रेक मुळात नवा घोडा गाडीला सरावण्यासाठीचा जड सांगाडा होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची खडखडा नावाची घोडागाडी त्याच जातीची.

वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या हातात गेलं. परतवाड्याला त्यांची छावणी होती, वर चिखलदरा थंड हवेचं ठिकाण, त्यामुळे अशा गाड्या इकडे आल्या. पण या गाड्यांची धाव पक्क्या सडकेपुरतीच. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत अरुंद चाक रुतून बसतं. काळविटाच्या शिकारीला तर बंडीच लागे. शेतात रोज दिसणाऱ्या बंडीला काळवीट बुजत नसे, म्हणून शिकारी तिच्या आडोशाने चालत जवळ जात. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते फार चांगलं झालं. गाडी घडवणाऱ्याचं कसब मात्र त्या गाड्यांसोबत गोठ्यात कुजू द्यावं, हे मला पटत नाही.

खरी परीक्षा चाकाची. आमच्याकडचं बंडीचं चाक जवळजवळ सपाट. या घोडागाड्यांचं चाक परातीसारखं खोलगट, आरे (चाकाच्या काड्या) तुंब्यातून, म्हणजे मधल्या गड्ड्यातून, बाहेरच्या अंगाला झुकलेले. घोडा चालताना गाडीला डाव्या-उजव्या बाजूने हिसके बसतात, ते हा झुकाव पेलतो. आखाची, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाची, टोकं किंचित खाली वळवलेली असतात, म्हणून भार घेणारा खालचा आरा मात्र उभाच राहतो. इंग्लंडात तुंबा एल्मचा, आरे ओकचे, पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे) ॲशचे. आम्ही तुंबा आणि पुठ्ठे बाभळीचे करतो, आरे तिवसाचे, घोडा जुंपायचे दांडे धावड्याचे. कुऱ्हाडीला आपल्याकडे धावड्याचाच दांडा घालतात, तो लवतो पण मोडत नाही.

धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं, चढवायला गावचे लोहारकाका असतात. हे कडं चाकाच्या घेरापेक्षा जरा लहानच ठेवायचं, गोवऱ्यांच्या आरात लाल करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी. कडं आवळतं तसे सगळे सांधे कडकड वाजत मिटतात. एकही खिळा न ठोकता चाक एकजीव होतं. त्या क्षणी आजही आमच्या कारखान्यात कोणी बोलत नाही.

लग्नाच्या बग्ग्यांनी पैसा दिला, पगार सुटले. नंतर रिसॉर्टवाले आले. एका गिऱ्हाइकाने डॉगकार्टच्या तिरप्या पट्ट्या काढून तिथे आरसे आणि दिवे लावून मागितले. पेटी बंद झाली तर ती गाडी डॉगकार्ट राहत नाही, म्हणून आम्ही ते काम परत केलं. नवी बग्गी हवी तशी सजवून देऊ, जुन्या गाडीचं अंग बदलणार नाही, हा आमचा नेम आहे. गाडी जुंपणार असाल तर वजन किती आणि घोडा कोणता, हेही आधी विचारतो.

सध्या एका शूटिंग ब्रेकच्या कमानी (स्प्रिंगा) दुरुस्तीसाठी उतरवल्या आहेत. ज्यांच्या वाड्यात अशी गाडी असेल त्यांना विनंती: आखाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून उचलून ठेवा, ओल आणि वाळवी दोन्ही टळतात. वरून ऑइलपेंट मारू नका, खालचा मूळ रंग आणि रेघा आम्हाला बघायच्या असतात. आणि सुटलेली खीळ, बिजागरी, साखळीचा तुकडा भंगारवाल्याला देऊ नका. एका डब्यात घालून गाडीतच ठेवा.