साताऱ्याहून गुलमर्ग : एकच स्नोबोर्ड न्यायचा असेल तर

गुलमर्गचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गुडघाभर भुसभुशीत बर्फ येतो, आणि मग स्नोबोर्डही, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी, त्याच हिशोबाने घेतला जातो : रुंद, लांब नाकाचा (पुढचं टोक), आखूड शेपटीचा (मागचं टोक). यंदा फेब्रुवारीत सातारा आणि कराडच्या आम्ही काही जणांनी आठवडाभर तिथे मुक्काम केला. पावडर, म्हणजे तो भुसभुशीत बर्फ, मिळाली, मनसोक्त मिळाली. पण उतारावरचा जास्त वेळ गेला तो दबलेल्या, वाऱ्याने कडक झालेल्या आणि दुपारपर्यंत शेकडो जणांनी ओरबाडलेल्या बर्फावर. म्हणून वर्षातून एकदाच बर्फ बघणाऱ्या आणि एकच बोर्ड परवडणाऱ्या आपल्यासारख्यांना माझं सांगणं आहे : आधी कडक बर्फात आपली पोलादी कड रोवून धरणारा बोर्ड शोधा, मग तो पावडरमध्ये तरंगतो का ते बघा.

याचं कारण डोंगरातच आहे. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ सोडतो. नावाजलेली पावडर त्या दुसऱ्या टप्प्यावर. पण जोराची हिमवृष्टी झाली की नेमका तोच बंद राहतो. वारा असतो, हिमस्खलनाचा धोका असतो, आणि गस्तीपथकाने उतार तपासून मोकळे केल्याशिवाय कोणाला वर सोडत नाहीत, ते योग्यच आहे. तोवर तुम्ही पहिल्या टप्प्याच्या पट्ट्यावर, म्हणजे बर्फ दाबून सपाट केलेल्या उतारावर, आणि झाडीत. वरचा टप्पा उघडला की पहिल्या काही तासांत सोपे उतार उरकतात. त्यानंतर कोरा बर्फ हवा असेल तर आडवं चालत लांब जावं लागतं, आणि त्या वाटेवर पुन्हा कडक बर्फच भेटतो.

कराडचा माझा मावसभाऊ निघण्याआधी म्हणत होता, "आरं, पावडरला चाललोय ना आपण, मग रुंदच घेऊ की." त्याचा पाय लहान आहे. त्याने तिथे भाड्याने चांगला ऐसपैस बोर्ड घेतला. झाडीतल्या ताज्या बर्फात तो मजेत होता. पण कोंगडोरीखालच्या दाबलेल्या पट्ट्यावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना प्रत्येक वळणाला त्याला सगळं अंग फेकावं लागायचं. दुसऱ्या दिवशी दुकानात अरुंद बोर्ड मागितला, तेव्हा तिथले काका हसून म्हणाले, "पहले बूट दिखाओ." निवडीची सुरुवात तिथूनच करायला हवी.

तर बूट आणि बोर्डची कंबर. बोर्डचा मधला सर्वात अरुंद भाग म्हणजे कंबर, ती मिलिमीटरमध्ये दिलेली असते. बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या साच्यात, उभं राहिल्यावर बुटाचं पुढचं टोक आणि टाच दोन्ही बाजूंनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर आली तर उत्तम, कारण तेवढी तरफ कड दाबायला लागते. त्याहून फार जास्त आली तर बोर्ड पूर्ण कलला की बूट बर्फाला घासतो, कड सुटते आणि माणूस आडवा होतो. बूट कडेच्या आतच राहिला तर बोर्ड जड जातो. पायाचं माप घरीच घ्या : संध्याकाळी, भिंतीला टाच टेकवून, कागदावर, सेंटिमीटरमध्ये. पाय 28 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर 258 ते 262 मिलिमीटर कंबर बघायला सुरुवात करावी. लांबीच्या आधी हे ठरवा. लांबी उंचीवर नाही, वजनावर ठरते, आणि त्या वजनात पाठपिशवी, फावडं, जाड कपडे सगळं धरायचं. साधारण 75 किलोच्या माणसाला 157 ते 160 सेंटिमीटरचा बोर्ड दोन्ही कामांना पुरतो.

मग आकार. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने बघा. मध्ये कमान असेल तर तो कॅम्बर. उभं राहिल्यावर ती कमान दबते आणि वजन कडेच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचतं, म्हणून कडक बर्फावर पकड मिळते. उलट बाक असेल तर तो रॉकर. तो पावडरमध्ये नाक वर ठेवतो, पण कडक पट्ट्यावर कडेचा बराच भाग हवेत राहतो. दोन्ही हवं असेल तर पायांखाली कॅम्बर आणि फक्त नाकाशी रॉकर असलेला, म्हणजे पुढे-मागे एकसारखा नसलेला, दिशा ठरलेला बोर्ड घ्यावा. मला आठवडाभरात भाड्याने जे निरनिराळे बोर्ड चालवायला मिळाले, त्यांत अशाच एका बोर्डने पहिल्या टप्प्याच्या पट्ट्यावर माझं मन जिंकलं. मागे वळून पाहिलं तर कोऱ्या रानात नांगराचं एकच तास पडावं तशी बारीक रेघ होती. रेघ बारीक असेल तर कार्व्ह झाला, म्हणजे बोर्ड न घसरता कडेवर वळला. रुंद फराटा दिसला तर बोर्ड घसरला. स्वतःची परीक्षा घ्यायला यापेक्षा सोपी खूण नाही.

त्याच बोर्डने झाडीतही साथ दिली, आणि ते दोन मापांमुळे. एक, बाइंडिंगची जागा मध्यापासून दोनेक सेंटिमीटर मागे होती. दोन, शेपूट नाकापेक्षा काही मिलिमीटरनी अरुंद होतं. शेपूट थोडं बुडतं, नाक आपसूक वर येतं, आणि मागच्या पायावर रेलून राहावं लागत नाही. मागची मांडी पेटणं ही पावडरमधली खरी दमछाक असते, ती यामुळे निम्म्याने उतरते. पण नाक आणि शेपटीच्या रुंदीतला फरक 20 मिलिमीटरच्या पुढे गेलेला बोर्ड आपल्या कामाचा नाही, तो कडक बर्फावर वळणाच्या शेवटी कड सोडतो.

कडेच्या वक्राची त्रिज्या 7 ते 8.5 मीटर असावी. सहाच्या आसपासचे बोर्ड चपळ असतात पण वेग वाढला की अस्वस्थ होतात, आणि दहाच्या पुढचे मोकळ्या रुंद पट्ट्यांसाठी. गुलमर्गला तशा पट्ट्या फारशा नाहीत. ताठपणा दहापैकी सहा. एवढं सांभाळलंत की बोर्डवर कोणत्या कंपनीचं नाव आहे याने मला तरी काही फरक पडलेला नाही.

बाइंडिंगचे कोन लोक बदलतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते फुकट आहे. पुढचा पाय 18 ते 21 अंश, मागचा शून्य ते 6 अंश (शून्य म्हणजे पाय बोर्डला अगदी आडवा), दोन्ही पुढच्या दिशेला, असं करून बघा. कार्व्हिंगमध्ये गुडघे एकाच दिशेने वाकतात आणि कमरेची ओढाताण थांबते. बूटही त्यामुळे थोडा तिरका बसतो आणि बाहेर कमी येतो. स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवाच, थंडीत स्क्रू ढिले होतात.

आता धोक्याचं, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गच्या उतारांवर हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचे जीव गेले.  पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली अडकलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी), सोबत स्थानिक गाईड, आणि त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा वाचलेला. हे सगळं नसेल तर पट्ट्यावर कार्व्ह करा, त्यात काही कमीपणा नाही. झाडीत उतरताना खोडाच्या अगदी जवळून जाऊ नका, फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो. बाबारेशीच्या दर्ग्याकडे उतरणारी झाडी सुंदर आहे, पण खाली गोंडोला नाही, परतीची गाडी आधी ठरवून मगच उतरा.

तयारीसाठी आपल्याकडे अजिंक्यतारा आहे. चढून जाण्याला महत्त्व आहेच, पण बोर्डसाठी उतरणं जास्त उपयोगी : गुडघे वाकवून, सावकाश, न थांबता. मांड्यांना तीच सवय लागते. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा केलंत तर पुरे.

प्रवास सोपा झालाय. खंबाटकी ओलांडून पुणे, तिथून विमानाने श्रीनगर, थेट किंवा दिल्लीमार्गे. बोर्डची पिशवी दीड मीटरच्या पुढे जाते, म्हणून तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा आणि वजनाची मर्यादा विचारा. बोर्डभोवती कपडे गुंडाळले की सामानही मावतं आणि कडाही सांभाळल्या जातात. श्रीनगर विमानतळावर परतताना तपासण्या बऱ्याच आहेत, तीन तास हाताशी ठेवा. आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, त्यातला टंगमर्गपासूनचा शेवटचा घाट बर्फात चाकांना साखळ्या लावून चढतात, त्याचे पैसे वेगळे ठरवून घ्या. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधी काढा. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, जानेवारीअखेर संपतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मला सर्वात चांगले वाटले, थंडी थोडी सुसह्य होते आणि साठलेला बर्फ भरपूर असतो.

विकत घेण्याची घाई मात्र करू नका. पहिल्या खेपेला गुलमर्गच्या दुकानांतून रोज वेगळा बोर्ड भाड्याने घ्या. घेण्याआधी कडेवरून नख फिरवा : नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे, नख नुसतं घसरलं तर दुसरा मागा. तळ पांढरट, कोरडा दिसला तर वॅक्स लावून घ्या. चालवलेल्या प्रत्येक बोर्डची कंबर, लांबी आणि त्रिज्या वहीत टिपा.

आणि बोर्ड घेतलाच, तर साताऱ्याच्या पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. जूनपासून चार महिने इथल्या दमट हवेत पोलादी कडा गंजतात. मे महिन्यातच बाइंडिंग काढा, बोर्ड कोरडा पुसा, तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी पलंगाखाली कापडावर आडवा ठेवा. डिसेंबरमध्ये तो थर खरवडला की बोर्ड तयार.