चार्जिंगचं काम, टिपण तिसरं: रेग्युलेटर नवा, तारा जुन्या

मागच्या वेळी मोटरसायकलची बॅटरी नीट चार्ज का होत नाही हे शोधताना जिथे अडलो होतो तिथूनच. थंड गाडीला बॅटरीवर १४.१ व्होल्ट, अर्धा तास फिरवून आणली की ५००० आरपीएमला जेमतेम १३.१. तेव्हा रेग्युलेटरला (स्टेटरच्या एसीचा डीसी करून बॅटरीला बेतानं व्होल्टेज देणारा डबा) बोट लावलं तर चटका बसायचा. स्टेटर, म्हणजे इंजिनातली वीज बनवणारी कॉइल, आधीच तपासून झाला होता: पिवळ्या तारांमध्ये आपसात ०.३ ओहम, बॉडीशी कंटिन्युइटी (जोडणी) नाही, कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडवून ५००० ला एसी व्होल्ट ६२, ६३, ६२. कॉइल शाबूत. कपलर मात्र गेलेलं. तीनपैकी एका पिवळ्या तारेचं टोक तपकिरी पडलं होतं आणि त्या खाचेतलं प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं. सरळ कापून टाकलं.

नवा रेग्युलेटर शिंडेनगेनचा एसएच७७५, सिरीज प्रकारचा. मॉसफेटवाला (मॉसफेट म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच) एफएच०२० घ्यावा की हा, या घोळात दोन आठवडे घालवले. जुना शंट होता. बॅटरीचं पोट भरलं की शंट स्टेटरचे फेज (तिन्ही पिवळ्या तारा) आपसात शॉर्ट करतो, त्यामुळे गरज असो-नसो, कॉइलमधून करंट वाहतच राहतो. मॉसफेटमुळे रेग्युलेटर कमी तापतो हे खरं, पण पद्धत तीच, कॉइलची सुटका नाही. सिरीजवाला गरज नसेल तेव्हा वाटच तोडतो. एलईडी हेडलाइट लावून ‘चार्जिंगवरचा भार कमी केला’ असं मीही छाती फुगवून सांगितलंय. शंटवर स्टेटरला त्याचा काही फायदा नाही. दिव्याने वाचवलेला करंट शॉर्टमधून फिरून परत कॉइलमध्येच.

बसवणं सोपं गेलं. जुनी जागा सीटखाली, साइड कव्हरच्या आड, वारा शून्य. अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून नवा रेग्युलेटर फ्रेमला बाहेरच्या अंगाला घेतला, फिन्स (थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) उभ्या. पिवळ्या तारांना अदलाबदल चालते, प्लस-मायनस मात्र मी तीनदा पाहिलं.

गाडी चालू केली, ५००० ला नेली, बॅटरीवर १३.५. एवढा खटाटोप करून १३.५! पहिला विचार हाच आला की डुप्लिकेट माल गळ्यात पडला. मग मीटरच्या पिना थेट रेग्युलेटरच्या प्लस-मायनसवर टेकवल्या. १४.४. म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करत होता.

पुढची दहा मिनिटं या सगळ्या कामातली सर्वात मोलाची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक पिन रेग्युलेटरच्या प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर, इंजिन ५००० ला: ०.६. तसंच मायनसवर: ०.३. एकूण ०.९ व्होल्ट वाटेतच गडप. या रेग्युलेटरला बॅटरीकडून वेगळी सेन्स वायर येत नाही, तो स्वतःच्या दाराशी व्होल्टेज बघतो आणि समाधान मानतो. पुढे तारेत काय मुरतंय ते त्याला कळत नाही. जुनी लाल तार मुख्य वायरिंगमधल्या एका जोडापर्यंत जायची, तिथून फ्यूज बॉक्स, मग बॅटरी. तो जोड सोलला तर आत तांबं हिरवं पडलेलं.

म्हणून प्लस आणि मायनस दोन्हीसाठी ४ चौरस मिमीच्या नव्या तारा थेट बॅटरीपर्यंत ओढल्या, प्लसवर बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज. मायनस चासीच्या भरवशावर सोडली नाही. लग (तारेच्या टोकाची कडी) क्रिम्प केले, म्हणजे दाबून बसवले, नुसता सोल्डरचा डाग देऊन भागवलं नाही, कारण थरथरीत तार नेमकी डागाच्या कडेला तुटते. पहिला लग दाबून झाल्यावर लक्षात आलं की हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधी ओवायचं राहिलंय. दुसऱ्या टोकाला लग नव्हता म्हणून वाचलो. अर्थात दुसऱ्या टोकालाही तोच पराक्रम केला, आणि त्या वेळी वाचलो नाही.

आता प्लसवरचा ड्रॉप (वाटेत गडप होणारं व्होल्टेज) ०.०८, मायनसवर ०.०४. बॅटरीवर ५००० ला १४.३, आयडलिंगला १३.४. अर्धा तास उन्हात फिरवून आल्यावरही १४.३, आणि रेग्युलेटरवर तळहात टेकवून ठेवता येतो.

एका पिवळ्या तारेला क्लॅम्प मीटरही (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून पाहिला. शंट असताना ५००० ला १६ अँपिअर, हेडलाइट बंद केला तरी १६ च. आता चालू असताना ९, बंद केला की ६. सिरीजची तुटक लाट साध्या क्लॅम्प मीटरला नीट पकडता येत नाही, तेव्हा आकडे ढोबळ धरा. पण दिवा मालवल्यावर काटा खाली येतो, हे या गाडीवर पहिल्यांदाच पाहिलं.

स्टेटरचं नवं कपलर अजून बसवलेलं नाही. सध्या तिन्ही पिवळ्या तारा बट क्रिम्पने (दोन टोकं दाबून जोडणाऱ्या नळीने) जोडून वर श्रिंक चढवलंय, या वेळी आधी ओवून.