दिवे झाडावर येऊन बसतात

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज परत आमची पुस्तकांची अदलाबदल झाली. महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी आम्ही चौघं भेटतो, एरवी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आणि पावसाळ्यात कोपरीवालीच्या घरी, कारण तिचं घर स्टेशनजवळ आहे आणि चार जण भिजून आले तरी तिच्याकडे कुणी काही म्हणत नाही. एक ही कोपरीवाली, एक घोडबंदरवाली, कळव्याहून येणारा मित्र आणि मी. कॉलेजपासूनचे आहोत, मधे दहा-बारा वर्षं नुसतं वाढदिवसाला मेसेज एवढंच उरलं होतं, ते पुस्तकांमुळे परत सुरू झालं.

पूर्वी आम्ही ग्रुपवर याद्या टाकायचो. वाचायलाच हवीत अशी अमुक पुस्तकं, तमुक पुस्तकं. त्यातलं एकही कुणी वाचलं नाही. मग गेल्या दिवाळीत कोपरीवालीनं ठरवून टाकलं की यादी बंद, प्रत्येकानं एकच पुस्तक आणायचं, ते एकाच माणसासाठी आणायचं, आणि आत एक चिठ्ठी ठेवायची की हे मी तुलाच का देतेय. त्या चिठ्ठीनं सगळा फरक पडला असं मला मनापासून वाटतं. चांगलं पुस्तक कुणीही सुचवू शकतं, पण माझ्यासाठी कुणीतरी बसून विचार केला हे कळलं की ते पुस्तक बाजूला ठेवताच येत नाही.

घोडबंदरवालीला मी मागच्या महिन्यात माडगूळकरांची बनगरवाडी दिली होती. तिनं शाळेनंतर मराठी कादंबरी हातात धरलीच नव्हती, म्हणून मुद्दाम लहान पुस्तक दिलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, तालमीपर्यंत वाच, मग मला फोन कर. तिनं दोन रात्रीत संपवलं आणि फोन नाही केला, आज भेटल्यावरच बोलली. म्हणाली अगं, सगळ्या गावानं मिळून ती तालीम बांधली, औंधचा राजा येऊन गेला, आणि मग दुष्काळ पडतो आणि गावात माणूसच राहत नाही, मास्तर पण निघून जातो. हे ती सांगताना तिचे डोळे भरून आले. तिच्या वडलांचं गाव तिकडचंच, माणदेशातलं, ते पण असेच कधीतरी मुंबईला आलेले, पण त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. 1955 सालचं पुस्तक आहे हे. आता ती ते वडलांना वाचून दाखवतेय, त्यांना नीट दिसत नाही म्हणून, रोज जेवणानंतर थोडं थोडं. मी काही हे ठरवून दिलं नव्हतं, मला तिच्या वडलांचं माहीतच नव्हतं.

कळव्याच्या मित्राचं सगळं वेड चित्रांचं. आम्ही लहानपणी चांदोबा वाचायचो, राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललाय ते शंकर यांचं चित्र अजून डोळ्यापुढे आहे, पण मोठं झाल्यावर चित्रांची पुस्तकं मागे पडली, ती मुलांसाठी असतात असं मीच धरून चालले होते. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे महागडं कॉमिक, असं मी त्याला एकदा तोंडावर बोलले पण होते. त्यानं वाद घातला नाही, मे महिन्यात मला भीमायन दिलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर आहे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी काढलीत, ते परधान गोंड आदिवासी चित्रकार आहेत. त्यात कॉमिकसारखे चौकोन नाहीतच. घराच्या भिंतीवर, जमिनीवर ते लोक दिग्ना काढतात ना, त्याच नक्षीनं पानाचे वळणदार भाग पाडलेत. आणि माणसं बोलतात ते फुगे तर बघतच राहिले मी. ज्याचं बोलणं मायेचं त्याच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, आणि ज्याचं बोलणं दुखावणारं त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा हे लक्षात आलं की वाचायच्या आधीच कळतं कोण काय बोलणार आहे, आणि पोटात गोळा येतो.

त्याची चिठ्ठी होती, तुझ्या माहेरच्या रस्त्यावरचं स्टेशन आहे यात.

मला आधी कळेना. मग मसूर आलं. 1901 चा उन्हाळा, लहान भीमराव आणि बरोबरची मुलं साताऱ्याहून गाडीनं वडलांना भेटायला निघालीत, मसूरला उतरतात, न्यायला कुणी आलेलं नाही कारण पत्र पोचलेलंच नाही, आणि ही कोण मुलं ते कळल्यावर बैलगाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट पैसे देऊन आणि गाडी स्वतः हाकायची या अटीवर एक जण तयार होतो. बरोबर डबा भरून खाणं आहे पण पाणी नाही, रस्त्यात कुणी पाणी देत नाही, रात्रभर मुलं तहानलेली. आम्ही कराडचे. लहानपणी प्रत्येक सुट्टीत पॅसेंजरनं त्याच लाईनवरून गेलोय, मसूरला गाडी थांबली की आई खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा घ्यायची. मला त्या स्टेशनचं एवढंच माहीत होतं, शेंगा. शाळेत आम्हाला चवदार तळं शिकवलं, 1927 सनासकट पाठ होतं, पण मसूर कुणी सांगितलं नाही, आणि मी पण कधी विचारलं नाही. मी ते पान ठाणे-वाशी लोकलमधे वाचलं, हातात पाण्याची बाटली होती, ती तशीच धरून तुर्भ्यापर्यंत गेले. त्यानंतर महागडं कॉमिक हा शब्द तोंडातून काढला नाही आणि त्याची माफीही मागितली.

आज त्यानं घोडबंदरवालीला माऊस दिलं, आर्ट स्पीगलमन यांचं, ज्यात ज्यू माणसं उंदीर दाखवलीत आणि नाझी मांजरं, 1992 मधे त्याला पुलित्झर मिळालं होतं. ती घाबरलीय, पण घेतलं.

पण मला आज खरं लिहायचंय ते कोपरीवालीच्या पुस्तकाबद्दल. ते मागच्या महिन्यात तिनं मला दिलं, ए. के. रामानुजन यांनी जमवलेल्या कन्नड लोककथा, इंग्रजीतून. ते गेल्यानंतर 1997 मधे आलेलं पुस्तक आहे. चिठ्ठीत फक्त एवढंच की, यातली ‘एक गोष्ट आणि एक गाणं’ ही कथा वाच, तुझी आजी आठवेल.

गोष्ट अशी आहे की एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं पण ती ते कधीच कुणाला सांगत नाही. ती दोघं आत घुसमटतात, आणि एकदा बाई तोंड उघडं टाकून झोपलेली असताना बाहेर निसटतात. गोष्टीचे होतात दाराबाहेर जोडे, गाण्याचा होतो खुंटीवर पुरुषाचा कोट. नवरा येऊन बघतो, विचारतो कोण आलंय, ती म्हणते कुणी नाही. भांडण होतं आणि तो रागानं मारुतीच्या देवळात जाऊन झोपतो. आणि रात्री गावातल्या सगळ्या घरांतले दिवे मालवले की त्या ज्योती त्याच देवळात गप्पा मारायला जमत असतात. एक ज्योत उशिरा येते, बाकीच्या विचारतात का गं उशीर, ती म्हणते आमच्याकडे भांडण चाललं होतं, आणि ते जोडे आणि तो कोट कुठून आला ते सगळं सांगते. नवरा ऐकतो, घरी येऊन बायकोला विचारतो, तुझी गोष्ट कुठली, तुझं गाणं कुठलं? तर ती म्हणते, कुठली गोष्ट? कुठलं गाणं? तिला आठवतच नसतं.

मी पुस्तक मिटून बसून राहिले. कारण ते दिवे माझ्या ओळखीचे होते. आमच्याकडे आषाढातल्या दिव्याच्या अवसेला आजी सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायची, समया, निरांजनं, कंदील, अगदी बिनकाचेची चिमणीसुद्धा, कणकेचे गोड दिवे करायची आणि कहाणी सांगायची. आटपाट नगर होतं. त्यातली राजाची सून घरातलं काहीतरी खाते आणि आळ उंदरांवर घालते, मग उंदीर तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात, तिच्यावर नको तो आळ येतो आणि तिला घराबाहेर काढतात. ही सून रोज दिवे घासायची, खडीसाखरेनं ज्योती सारायची. ती गेल्यावर ते सगळं थांबतं. आणि मग अवसेच्या रात्री शिकारीहून येणारा राजा झाडाखाली मुक्काम करतो तर गावातले दिवे झाडावर येऊन बसलेत, आज कुणाच्या घरी काय केलं होतं ते एकमेकांना सांगतायत, आणि राजाच्या घरचा दिवा रडतोय.

एवढं आठवलं. पुढचं नीट आठवेना. मला हे कोपरीवालीला सांगितल्याचंच मुळात आठवत नव्हतं, तिला विचारलं तर म्हणाली सेकंड इयरला, एकदा गाड्या बंद पडलेल्या आणि आपण रात्री उशिरापर्यंत स्टेशनवर बसलेलो तेव्हा तू सांगितली होतीस, सगळी. वीस वर्षं तिनं ते लक्षात ठेवलं आणि मी, जिची ती आजी होती, मी विसरले. कुठली गोष्ट, कुठलं गाणं म्हणणारी बाई मीच झाले होते, आणि हे मला फार लागलं.

आईच्या चातुर्मासाच्या पुस्तकात ती कहाणी आहे, छापलेली मिळतेच. पण आजीची वेगळी होती. म्हणून परवा आईला फोन केला आणि म्हणलं आजी सांगायची तशी सांग, पुस्तकातली नको. आई आधी लाजली, मला कुठं तसं येतंय म्हणाली, मग सुरू झाली आणि अकरा मिनिटं बोलली. मी रेकॉर्ड केलं. पुस्तकात दिवे नुसते पक्वान्नांचं बोलतात, पण आजीचे दिवे आमच्या आळीचे होते! सुताराच्या घरी आज शेवयाची खीर, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे पिठलं कारण पगार झाला नाही, आणि म्हातारीच्या खोपट्यातला दिवा म्हणायचा आमच्याकडे तेलच नव्हतं, मी कसाबसा आलो. मग दुसऱ्या दिवशी आजी आम्हाला त्या म्हातारीकडे तेल द्यायला पाठवायची. हे मला अजिबात आठवत नव्हतं. आईला आठवत होतं, वाटी घेऊन जायची ती तिची पाळी असायची. राजा सगळं ऐकतो, घरी चौकशी करतो, सुनेला मेणा पाठवून परत आणतो, आणि आजी हात जोडून म्हणायची, ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

कर्नाटकातली गोष्ट आणि आमची गोष्ट, दिवे दोन्हीकडे रात्री जमून बोलतात आणि दोन्हीकडे आळ आलेल्या बाईची बाजू तेच सांगतात. कुणी कुणाकडून घेतली ते कोण सांगणार, कराडहून कर्नाटक काही लांब नाही, बायका सासरी जाताना घेऊन गेल्या असतील.

आज कोपरीवालीच्या घरी मी ते रेकॉर्डिंग लावलं. कुणी मधे बोललं नाही. संपल्यावर घोडबंदरवालीनं विचारलं की मला पाठवशील का, बाबांना ऐकवते. मग नेहमीसारखं पोहे, चहा, आणि पाऊस कमी व्हायची वाट बघत नऊ वाजले.

गुरुवारी अवस आहे. माझ्याकडे एक समई आणि दोन निरांजनं एवढंच आहे, ती आत्ताच चिंचेनं घासून ठेवली. रामानुजन यांचं पुस्तक आता कळव्याच्या मित्राकडे जायचंय, पुढच्या महिन्यात. चिठ्ठीत दिव्यांचं लिहून उपयोग नाही, ते माझे आहेत. त्याच्यासाठी त्यात काय आहे ते शोधायला हवं, म्हणून परत पहिल्या पानापासून वाचायला घेतलंय, आत्ता चौथ्या गोष्टीवर आहे.