पुसलेलं पुन्हा पुसायचं नाही

आमच्या घरात केर-फरशीचं काम माझ्याकडे असतं. थोरली तीन वर्षांची आहे, धाकटा अकरा महिन्यांचा. थोरली तान्ही होती तेव्हा ती झोपली की झाडू हातात घ्यायचा, वीस मिनिटांत सगळ्या खोल्या उरकायच्या आणि बादलीचा आवाज होऊ न देता फरशी पुसायची, असा माझा रोजचा क्रम होता. ती उठायची तेव्हा घर लख्ख असायचं. घर घाण होतं आणि कुणीतरी ते रोज साफ करतं, हे तिला कधी दिसलंच नाही. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

ती दीड वर्षाची झाली आणि सकाळची झोप बंद झाली. आता केर काढताना ती जागी. झाडू दिसला की दोन्ही हातांनी दांडा धरायची आणि "मी! मी!" म्हणून ओढायची. मी तिला खेळणं द्यायचो, पाळण्यात ठेवायचो, कडेवर घेऊन एका हाताने काम करायचो. एकदा तिच्या हातून पेला कलंडला. मी उठायच्या आत ती दुडूदुडू जाऊन खुर्चीवरचं फडकं घेऊन आली, उकिडवी बसली आणि दोन्ही तळव्यांनी पुसायला लागली. पाणी टिपलं काही गेलं नाही, उलट चारी बाजूंनी पसरलं. पण तिने वर बघून "झालं!" म्हटलं. मी म्हटलं, "शाब्बास गं बाळा," आणि ती वळल्याबरोबर दुसरं फडकं घेऊन तीच जागा पुसायला लागलो.

तिने मागे वळून पाहिलं. रडली नाही, चिडली नाही. हातातलं फडकं तिथंच खाली ठेवलं आणि निघून गेली. पुढचे तीन दिवस झाडू दिसला तरी ती जवळ आली नाही.

ते ठेवलेलं फडकं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. त्यातला एक प्रयोग मनात घट्ट बसला. 2006 मध्ये फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी दीड वर्षाच्या 24 मुलांसमोर साधे प्रसंग घडवले. एक मोठा माणूस कपडे वाळत घालतोय, चिमटा खाली पडतो, त्याचा हात पुरत नाही. मुलांना कुणी काही सांगितलेलं नाही, बक्षीस नाही. तरी 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. तोच चिमटा माणसाने मुद्दाम टाकला असेल तर मात्र मुलं सहसा उचलून द्यायला गेली नाहीत. म्हणजे नुसती वस्तू उचलायची हौस नव्हती ती. या माणसाला हे हवंय आणि जमत नाहीये, एवढं त्यांना कळत होतं. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस दिली, तर पुढे ती कमी मदत करतात. ते वाचलं त्याच दिवशी मी आणून ठेवलेले चांदण्यांचे स्टिकर कपाटात टाकले.

मदत करायची ही इच्छा शिकवावी लागत नाही. ती आलेली असते. आपण फक्त तिला दार बंद करायचं नसतं.

मग मी सामान बदललं. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममधल्या सॅन लोरेंझो या कामगारवस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत मुलांच्या मापाचे झाडू, बुटकी टेबलं, पाणी ओतायचे छोटे जग असतात. मला आधी ते हौसेचं वाटायचं. मोठ्या झाडूने थोरलीला काम करताना पाहिल्यावर पटलं. दांडा तिच्या डोक्याच्या वर जायचा, वळली की मागे कशावर तरी आपटायचा, आणि केराकडे बघायचं की दांड्याकडे हेच तिला उमगायचं नाही. जुन्या झाडूचा दांडा तिच्या खांद्याएवढा कापला, टोक घासून गुळगुळीत केलं. जमिनीवर खडूने एक चौकोन काढला: सगळा केर या चौकोनात आणायचा. "केर गोळा कर" म्हणजे काय ते तिला कळत नव्हतं, चौकोन लगेच कळला. सुपली मी धरतो, ती लोटते. शेवटची बारीक धूळ सुपलीच्या कडेखाली राहते, तेव्हा सुपली जराशी मागे सरकवून पुन्हा लोटायचं, हे तिने माझं बघून उचललं. मी सांगितलं नव्हतं.

फडकं पिळणं हे मात्र फार अवघड काम आहे. आपण विचारही करत नाही, पण एक हात पुढे आणि दुसरा मागे, दोन्ही एकाच वेळी फिरवायचे असतात. दोन वर्षांची असताना ती फडकं नुसतं मुठीत दाबायची आणि पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. म्हणून आधी स्पंज दिला. एका वाडग्यातून दुसऱ्या वाडग्यात पाणी न्यायचं, दाबून सोडायचं. कित्येक दिवस तेवढंच. मग जुन्या सुती बनियनचे तिच्या दोन तळव्यांएवढे तुकडे केले. मोठं फडकं तिच्या हातात मावतच नव्हतं, मी उगाच तिला दोष देत होतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तिचे दोन्ही हात उलट दिशांना फिरले. फडक्यातून पाण्याची बारीक धार पडली आणि ती धार थांबेपर्यंत ती श्वास रोखून बघत राहिली.

धाकट्याचं काम वेगळं. पाच-सहा महिन्यांचा होता तेव्हा तो नुसता पोटाशी बांधलेला असायचा आणि मी बोलत राहायचो: आता कोपरा, आता पलंगाखाली, हा बघ केसांचा गुंता. आता त्याला वस्तू बाहेर काढता येतात. हातातली वस्तू नेमकी सोडणं या वयात नुकतं जमायला लागलेलं असतं. म्हणून वाळलेल्या धुण्याची टोपली रिकामी करणं हे त्याचं काम. एकेक मोजा काढतो, चाखतो, मला देतो. मी "दे" म्हणून हात पुढे करतो आणि त्याने सोडला की "आला माझ्याकडे" म्हणतो. सगळं तोंडात जाणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त धुतलेले कपडे. स्प्रिंगचे चिमटे, गुंड्या, नाणी त्या टोपलीत नसतात.

एका गोष्टीत मी अजिबात सूट देत नाही, कारण एकदा माझ्याकडून चूक झाली. दाराची बेल वाजली म्हणून बादली तशीच ठेवून गेलो. परत आलो तर धाकटा बादलीची कड धरून उभा, डोकं आत वाकलेलं. काही झालं नाही, पण माझे हात थरथरत होते. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. तोल आत गेला तर मूल स्वतःला वर ओढू शकत नाही, आणि बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. आता उठायचं झालं तर बादली आधी ओतायची, मग दार. थोरलीच्या फवारायच्या बाटलीत फक्त पाणी असतं. ब्लीच, ॲसिड, कपड्यांची पावडर वरच्या कपाटात, कुलपात, आपापल्या मूळ बाटल्या-डब्यांतच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनियातूनही विषारी वायू निघतात, त्यामुळे संडास-बाथरूम मी मुलं झोपल्यावर, खिडकी उघडी ठेवून, एका वेळी एकच काहीतरी वापरून धुतो. तिथं मुलांची मदत नको.

बाकी वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटांची पन्नास झाली. रोज सगळं घर मुलांसोबत साफ करणं मला शक्य नाही, आणि तसा आव आणणं मला पटत नाही. एकच खोली आम्ही मिळून करतो, उरलेल्या मी एकटा. तिला नको असेल त्या दिवशी मी आग्रह करत नाही, आणि खोडी केली म्हणून शिक्षा म्हणून झाडू तर कधीच नाही. "एवढ्याशा पोरीला कामाला जुंपलंस का?" असं विचारणारे भेटले. धाकट्याच्या हातात फडकं बघून "अरे, तो मुलगा आहे ना" म्हणणारेही भेटले. दुसरा प्रश्न मला जास्त लागला. घर दोघांचं आहे.

आणि तिने पुसलेलं मी पुन्हा पुसत नाही. ओलं राहून कुणी घसरेल असं वाटलं तर तिलाच म्हणतो, "इथं अजून चमकतंय बघ." बऱ्याचदा ती परत येते. नाही आली तर "आता मी घेतो" म्हणून तिच्यासमोर पुसतो, पाठीमागे नाही.

परवा पाणी सांडलं ते धाकट्याच्या हातून. थोरली तिच्या खांद्याच्या उंचीवर लावलेल्या हुकावरून स्वतःचं फडकं घेऊन आली. तो तिच्या आधी तिथं पोहोचला आणि पाण्यात थापा मारायला लागला. तिने फडकं त्याच्या हातात दिलं, त्याने तोंडात घातलं. तिने ते हळूच काढून जमिनीवर ठेवलं, त्याचा तळवा त्यावर ठेवला, वर स्वतःचा तळवा ठेवला आणि ढकललं. असं पाच-सहा वेळा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, याला पण एक हुक पाहिजे."

रात्री तिच्या हुकाच्या बरोबर खाली, जमिनीपासून दीड वितीवर, दुसरा हुक बसवला. जोर लावून ओढून पाहिला, घट्ट आहे. बनियनचा एक तुकडा शिल्लक होता, तो अडकवून ठेवला.