टेकडी ग्रुपसाठी एकच सर्व्हर

वेताळ टेकडीवर पक्षी बघणारा आमचा ग्रुप सध्या नोंदींचे ग्राफ काढायच्या मागे लागलाय. ईबर्डवरनं (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) पुणे जिल्ह्याचा डेटा घेतला खरा, पण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पायथनची वेगळीच तऱ्हा, कुणाचं पांडाज (डेटा हाताळायचं पायथनचं पॅकेज) जुनं, कुणाचं इन्स्टॉलच होईना, आणि एका काकांचा ४ जीबीचा लॅपटॉप फाइल उघडतानाच मान टाकतो. म्हटलं क्लाउडवर सगळ्यांत मिळून एक मशीन घेऊ, ब्राउझर उघडा, लॉगिन करा, विषय संपला.

त्यावर द लिटलेस्ट ज्युपिटरहब (टीएलजेएच) टाकलं, म्हणजे एकाच सर्व्हरवर प्रत्येकाला ब्राउझरमधून पायथन चालवू देणारं सॉफ्टवेअर. उबंटूचा एकच सर्व्हर लागतो आणि शंभरेक माणसांपर्यंत निभतं, त्यामुळे एवढ्याशा ग्रुपसाठी कुबरनेटिसच्या (अनेक मशीन एकत्र चालवायची भानगड) नादी लागू नका (आमचे हिंजवडीवाले लागणारच होते!). मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन २०१५ पासून पुण्यातच आहे, तेच घेतलं. अ‍ॅडमिनने पॅकेज एकदा टाकलं की सगळ्यांना मिळतं, आणि डेटाची फाइल एकाच फोल्डरमध्ये, बाकीच्यांना फक्त वाचायला. डोमेन घेऊन लेट्स एन्क्रिप्ट (एचटीटीपीएसचं फुकट सर्टिफिकेट) मात्र चालू कराच, नाहीतर पासवर्ड उघड्यावरून जाणार.

खरी गोम मेमरीत आहे. कुणीतरी सगळ्या वर्षांचा डेटा एकदम लोड करणार हे नक्की, आणि लिमिट नसेल तर त्याच्याबरोबर सगळेच बसले बोंबलत. म्हणून टीएलजेएच-कॉन्फिग या कमांडमधून माणशी १ जीबी लावून दिलं, आता जो हावरटपणा करेल त्याचाच कर्नल (त्याचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) मरतो. काका कुरकुरले, पण मग नुसती लागतील तेवढीच कॉलम वाचायला शिकले, म्हणजे फायदाच झाला.

आता पैसे. १० मिनिटं कुणी हात लावला नाही की हब त्या माणसाचा सर्व्हर आपोआप बंद करतं, पण त्याने बिल थांबत नाही, कारण खालचं मशीन चालूच असतं. बरं, उबंटूतून शटडाउन दिलं तरी मीटर पळतोच, पोर्टलवर जाऊन 'डीअ‍ॅलोकेटेड' (म्हणजे मशीन क्लाउडला परत सोडलेलं) असं दिसलं पाहिजे, आणि तेव्हाही डिस्कचं भाडं सुटत नाही ते नाहीच. बजेट अलर्टवर विसंबू नका, तो नुसता मेल पाठवतो, खर्च अडवत नाही. आम्ही रोज रात्रीचं ऑटो-शटडाउन लावलंय, त्याने मशीन नीट डीअ‍ॅलोकेट होतं. सकाळी ज्याला हवं त्याने ग्रुपवर टाकायचं, मी किंवा दुसरा अ‍ॅडमिन चालू करतो. वर्गणी महिन्याच्या पहिल्या रविवारी, टेकडीवरच, रोख किंवा जीपे.