एका ‘एम’साठी चार खेपा

आधी कामाचं सांगतो, गोष्ट नंतर. एच-१बीवर असाल आणि अमेरिकेतल्या लायसन्सवर मोटरसायकलचं ‘एम’ चढवून घ्यायचं असेल, तर लायसन्स ऑफिसच्या खिडकीवर पासपोर्टचं व्हिसाचं पान उघडून देऊ नका. आधी आय-७९७ द्या, म्हणजे मुदत मंजूर झाल्याचं इमिग्रेशनचं पत्र. त्याच्या तळाशी जे आय-९४, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीची नोंद, छापलेलं असतं त्यावर पेन्सिलीने गोल करा, आणि तिथे तुमचं नाव जसं आहे तसंच टाइप करायला सांगा. मला ही अक्कल चौथ्या खेपेला आली. आधीच्या तीन खेपांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

हा उपद्व्याप कशासाठी, तर एका भिंतीसाठी. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात गेलेल्यांचं काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक आहे, १९८२ साली खुलं झालेलं. माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने त्याचा आराखडा केला होता. त्या स्मारकाची पाऊणपट प्रतिकृती गावोगाव फिरवतात, तिचं नाव ‘द वॉल दॅट हील्स’. ज्यांना वॉशिंग्टनपर्यंत जाणं जमत नाही त्यांच्या दारी भिंतच येते. त्रेपन्न फुटी ट्रेलरमधून ती येते आणि गावाच्या वेशीपासून मैदानापर्यंत मोटरसायकलवाले तिला वाजतगाजत, खरं तर न वाजवता, घेऊन येतात. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती आमच्याकडे येणार होती. आमचं गाव मिडवेस्टमध्ये, मक्याच्या शेतांमध्ये. राज्याचं नाव देत नाही, कारण व्हिसा वाढला की दर वेळी मला त्याच ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या असतात.

शेजारच्या आजोबांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. ते स्वतः १९६९ला व्हिएतनाममध्ये लढायला होते, एकोणीस वर्षांचे. आता गुडघे गेलेत म्हणून तीन चाकांची गाडी चालवतात. माझ्या गॅरेजमधली हिमालयन मोटरसायकल त्यांनी पाहिली आणि म्हणाले, तूही चल. सैन्यातला नसलास तरी चालतं.

मी लगेच हो म्हणालो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं होते, १९७१लाही. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली आणि त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. लहानपणी आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून तो दाखवायला घेऊन गेले होते. त्यामुळे नावं कोरलेल्या दगडापुढे टोपी काढायची असते एवढं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ‘एम’ मात्र लागणार होतं. आयोजकांच्या अर्जात स्वच्छ लिहिलं होतं: लर्नर परमिट चालणार नाही, पूर्ण लायसन्स आणि विमा हवा.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. दोन दिवस पार्किंगच्या मैदानात छोट्या गाडीवर फेऱ्या मारायच्या. मी यवतेश्वरचा घाट बुलेटवर चढून कासला गेलेला माणूस, मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात गेलो आणि आखलेल्या चौकोनात इंग्रजी आठचा आकडा काढताना दोनदा पाय टेकला. क्लचवर दोन बोटं ठेवून गाडी चालवायची सवयही तिथेच सोडायला लागली. पास झालो. त्या सर्टिफिकेटवर चालवण्याची परीक्षा माफ होते, म्हणजे आता फक्त ऑफिसात जाऊन कागद द्यायचे आणि फोटो काढायचा. जून उजाडला होता. मी आबांना फोनवर सांगितलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिली खेप माझ्याच मूर्खपणामुळे वाया गेली. पत्त्याचे दोन पुरावे लागतात, मी विजेचं बिल एकच नेलं. ते सोडून देऊ.

दुसऱ्या खेपेला दीड तासाने नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला, व्हिसावरची तारीख पाहिली आणि कागद परत सरकवले. व्हिसा संपलाय. मी सांगितलं, संपलाय तो फक्त शिक्का. तो देशात शिरण्यापुरता असतो. राहण्याची मुदत वेगळी, ती आय-७९७वर आहे आणि ती मार्चमध्येच वाढून आलीये. त्यांनी कागद वरून खाली पाहिला, मग शेजारच्या खिडकीला विचारलं, तिने मान हलवली. इथे कुणी आवाज चढवत नाही, हेच जास्त जिवावर येतं. आपल्याकडे आरटीओत निदान भांडता तरी येतं, कुणीतरी ‘या हो साहेब, इकडे या’ म्हणणारा तरी भेटतो. इथे हसून ‘हॅव अ गुड डे’ म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

तिसऱ्या खेपेला खिडकीत तरुण मुलगा होता. त्याला आय-७९७ माहीत होतं. मला वाटलं सुटलो. त्याने माझं नाव टाइप केलं, बटण दाबलं आणि स्क्रीनकडे पाहत राहिला. इमिग्रेशनच्या डेटाबेसमधून तुमची पडताळणी झाली तरच लायसन्स छापता येतं. बहुतेकांची काही सेकंदांत होते. माझी झाली नाही. ‘अधिक पडताळणी हवी’ असं उत्तर आलं. आता ती माणसं करतील, मशीन नाही. किती दिवस लागतील? पत्र येईल. कधी? येईल तेव्हा.

आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. रोज पत्रपेटी उघडायची, त्यात पिझ्झ्याची कुपनं. हापिसात मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून बसायचो. (एक सांगायचं राहिलं: पडताळणी अशी अडकली तर खिडकीवरून तिचा नंबर मागून घ्या. ती कुठवर आली हे ऑनलाइन बघता येतं. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.) भिंत यायला तीन आठवडे उरले. शेजारचे आजोबा रोज कुंपणापाशी भुवया उंचावायचे, मी मान हलवायचो. ते काही बोलायचे नाहीत, पण त्यांनी एकदा मक्याची दहा कणसं आणून दिली. कुणाच्या घरी दुखवटा असल्यासारखी.

आबा मात्र फोनवर खूश. “आता कळलं का रे? मी दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला देतो. गेल्या खेपेला त्या मशीनला माझा अंगठाच उमटंना. साहेब म्हणतो, आबा, दुसरं बोट लावा. दहाही लावून झाली. मी म्हटलं, समोर उभाय की मी, बघ की माझ्याकडं.”

“मग काय झालं आबा?”

“काय होतंय. डोळ्याचा फोटो काढला. तेव्हा जिता झालो.”

शेवटी मी हापिसातल्या एका तेलुगू मित्रापाशी रडलो. त्याने माझा पासपोर्ट मागितला आणि एका मिनिटात दुखणं सापडलं. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचं आणि बापाचं नाव एका ओळीत असतं. म्हणजे इमिग्रेशनच्या लेखी माझं पहिलं नाव ‘संदीप दत्तात्रय’ असं सलग आहे. माझ्या जुन्या लायसन्सवर मात्र संदीप पहिल्या रकान्यात आणि दत्तात्रय मधल्या. त्या मुलाने लायसन्सवरून टाइप केलं, मधलं नाव गळलं, आणि मशीनला संदीप नावाचा तो माणूस काही सापडेना. जो बाप मला बँकेतल्या अंगठ्याची गोष्ट सांगत होता, त्याच्याच नावापाशी माझी गाडी अडली होती. मित्राकडे हा घोळ नाही, त्यांच्यात आडनावच आधी येतं. त्यांचे घोळ वेगळे.

चौथी खेप. ऑगस्टचा पहिला आठवडा, ऑफिस उघडायच्या आधी पाऊण तास मी दारात. खिडकीत पहिल्याच बाई. मी पासपोर्ट काढलाच नाही. आय-७९७ पुढे केलं, पेन्सिलीचा गोल दाखवला आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणालो, ही दोन्ही नावं पहिल्याच रकान्यात टाकून बघाल का. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. टाइप केलं. बटण दाबलं. चार सेकंद लागली असतील. मग म्हणाल्या, कॅमेऱ्याकडे बघा.

त्या फोटोत मी दात काढून हसतोय. इथल्या लायसन्सवर असा फोटो फार कुणाचा नसेल.

हातात तात्पुरता कागद मिळतो, कार्ड टपालाने येतं. माझं कार्ड भिंतीच्या चार दिवस आधी आलं. म्हणून सांगतो, अशा कशात भाग घ्यायचा असेल तर तीन महिने आधी सुरुवात करा. मी दोन महिने आधी केली आणि केस गळले.

भिंत साधारणपणे मंगळवारी येते, बुधवारी स्वयंसेवक ती उभी करतात आणि गुरुवार ते रविवार ती रात्रंदिवस खुली असते, फुकट. त्या मंगळवारी सकाळी सातला मी हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर पोचलो. टेबलामागे बिल्ल्यांनी भरलेलं जाकीट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी विम्याचा कागद वाचला. लायसन्स हातात घेतलं, पण डोळे पेन शोधत होते. पेन सापडलं, लायसन्स परत मिळालं. एक सेकंद. मी ते मुद्दाम थोडा वेळ टेबलावरच ठेवलं, पण त्यांनी पुढच्याला बोलावलं होतं.

दोनशेच्या आसपास गाड्या होत्या. बहुतेक हार्ले, माझी हिमालयन त्यांच्यात बैलगाड्यांच्या शर्यतीत शिंगरू आणल्यासारखी. टाकी भरून या, कारण मधे कुणी थांबत नाही. पाणी प्या पण बेतानं, कारणही तेच. निघण्याआधी सूचना असतात, त्या ऐका: एकाच लेनमध्ये एक गाडी डावीकडे, पुढची उजवीकडे अशी नागमोडी रांग, आपल्या सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, आणि काहीही झालं तरी मोबाइल काढायचा नाही. गाडी बिघडली तर उजवीकडे बाजूला व्हायचं. मागून टेम्पो येतो, तो उचलतो. आपल्यासाठी रांग थांबत नाही.

माझ्या चोवीस घोड्यांना हायवेवर धाप लागेल ही भीती होती, पण सगळी वरात पंचेचाळीस मैलांनी चालते. पोलीस चौक अडवतात. एका पुलावर अग्निशामक दलाच्या दोन गाड्यांनी शिड्या एकमेकींकडे तिरक्या करून मधे झेंडा सोडला होता, त्याच्या खालून गेलो. पुढे शेताच्या कडेला एक शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून टोपी छातीशी धरून उभा. एका घरापुढे खुर्चीत बसलेले म्हातारे, सुनेने की मुलीने काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि त्यांनी जो हात कपाळाशी नेला तो ट्रेलर दिसेनासा होईपर्यंत खाली आणला नाही. हेल्मेटची काच वर करून डोळे पुसावे तर दोन्ही हात हँडलवर.

मैदानात पोचल्यावर जो तो दुसऱ्याचा हात धरून ‘वेलकम होम’ म्हणत होता. पन्नास वर्षांनी काय वेलकम, असं मला वाटलं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, ते परत आले तेव्हा विमानतळाच्या संडासात गणवेश बदलून, साध्या कपड्यांत घरी गेले होते. युद्धाचा राग लोकांनी त्यांच्यावर काढला. म्हणून हे लोक एकमेकांचं स्वागत अजून करत असतात.

गुरुवारी रात्री अकराला मी पुन्हा गेलो, गर्दी नसताना. तुम्हीही तसंच करा. भिंत ३७५ फूट लांब, मधे साडेसात फूट उंच, दोन्ही टोकांना उतरत जाणारी. अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत, पण अकारविल्हे नाहीत, माणसं ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने आहेत. मधल्या कोनापासून उजवीकडे सुरू होतात, मग डाव्या टोकापासून परत कोनाशी येतात. त्यामुळे पहिली आणि शेवटची नावं शेजारी लागतात. एखादं ठरावीक नाव हवं असेल तर तंबूतल्या स्वयंसेवकांकडून पॅनेल आणि ओळीचा नंबर घ्या, नाहीतर सापडायचं नाही. कागद आणि पेन्सिल तेच देतात, नावावर कागद धरून घासलं की अक्षरं उमटतात. बऱ्याच नावांत मधे एक अक्षर आहे, ते कुणाचं, बापाचं की आजोबाचं, ते घरच्यांनाच ठाऊक.

आजोबांनी दोन नावं घासून घेतली. निघताना त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली आणि म्हणाले, त्यांनाही माझ्याकडून वेलकम होम सांग.

मी घरी येऊन फोन लावला. तिकडे सकाळ. हे मराठीत सांगायचं कसं हेच कळेना. शेवटी म्हणालो, आबा, इथले एक म्हातारे फौजी तुम्हाला विचारतात, घरी नीट पोचलात का.

आबा जरा थांबले. “कधी? एक्काहत्तरला?”

“हो.”

“पोचलो म्हणावं. जनरलच्या डब्यात, दारात उभा राहून. बसायला जागा नव्हती.”